गुरुवार, विषम तारीख

भोसरीला सुट्टी गुरुवारची.
बाकीचे गाडी धुतात, दत्ताला जातात.
मी नळ स्टॉपला जातो,
झेरॉक्सच्या दुकानावर पहिला मजला,
चपला बाहेर.

पानसे मॅडम माझ्या मुलीएवढ्या.
पहिल्या दिवशी विचारलं, काय होतंय?
म्हटलं, झोप लागत नाही. बाकी काही नाही.
'बाकी काही नाही'पाशी त्यांचं पेन
जरासं हललं.

तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली.
तिथं बोलणं म्हणजे बोटं:
दोन वर म्हणजे चहा,
मूठ म्हणजे थांबव,
अंगठा खाली, माल रिजेक्ट.
ओरडलेलं कानापर्यंत पोचत नाही,
मनातलं कुठून पोचणार?
आणि इथं एवढी शांतता
की पंख्याचं बेअरिंग गेलंय, हे मला लगेच कळलं.
दोन गुरुवार मी त्या बेअरिंगवरच बोललो.
त्यांनी ऐकून घेतलं.
पैसे देऊन पंख्याबद्दल बोलणारा माणूस
त्यांनी आधीही पाहिला असेल.

तिसऱ्या वेळी गाव, वडील.
चौथ्या वेळी मंदा:
ती ताट वाढते, मी जेवतो, टीव्ही बोलतो.
पाचव्या वेळी काहीच नाही.
पन्नास मिनिटं काहीच नाही.
समोर टिश्यूचा खोका, त्यावर गुलाबाचं चित्र.
वाटलं, आता म्हणतील, काका, वेळ वाया जातोय.
म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी या.
जिना उतरताना हसू आलं.
सुपरवायझर म्हणून मी कधी कुणाला
शून्य प्रॉडक्शनवर घरी सोडलं नव्हतं.

हणमंतचं नाव सातव्या वेळी निघालं.
हणमंत लोकरे, बार्शीकडचा, बावीस वर्षांचा.
उजव्या हाताची दोन बोटं.
सगळ्यांना माहीत आहे. रजिस्टरमध्ये आहे.
कारण: कामगाराचा निष्काळजीपणा.
अक्षर माझं.

म्हटलं, मॅडम, महिनाअखेर होती,
डिस्पॅचची गाडी गेटवर उभी,
सेन्सर सारखा मशीन थांबवत होता,
तेव्हा मी
आणि इथं जीभ अडकली,
डायमध्ये पट्टी अडकते तशी,
ना पुढे ना मागे.
त्यांनी ओढली नाही.
अडकलेली पट्टी ओढायची नसते,
हे त्यांना कुणी शिकवलं?
पंखा आपला खरखरत होता.

'सेन्सर बंद कर, मी बघतो.'
हे मी म्हणालो होतो त्याला.
मी.

चार वर्षं हे वाक्य
पहाटे तीनला आत चालू व्हायचं,
स्ट्रोकमागून स्ट्रोक.
बाहेर आलं तर केवढंसं! पाच शब्द.
'तुमची चूक नव्हती' असं त्या म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या असत्या, तर मी परत गेलो नसतो.
एवढंच विचारलं,
हे आणखी कुणाला सांगावंसं वाटतं?
मी गुलाबासकट खोका जवळ ओढला.

खाली आलो तर स्कूटर नाही.
विषम तारखेला सम बाजूला लावलेली.
चौकीवर पावती फाडता फाडता हवालदार म्हणाले,
होता कुठं? तीनदा नंबर पुकारला.
म्हटलं, बोलत होतो.
फोनवर?
नाही, समोरासमोर.
त्यांनी वर पाहिलं. माझे डोळे लाल असणार.
'घरात कुणी गेलं का?'
म्हटलं, नाही हो. उलट.
म्हणजे काय, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

रात्री गाढ झोप लागली, असं काही नाही.
तीनला उठलोच.
मंदा जागी होती. कदाचित रोजच असायची.
म्हटलं, मंदे, ऐकतेस?
तिनं दिवा लावला नाही.
उशी भिंतीला लावून बसली,
आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.

हणमंतचा नंबर अजून लावलेला नाही.
डायरीत आहे, ते पान दुमडून ठेवलंय.

पंख्याला ६२०२ नंबरचं बेअरिंग लागतं.
आमच्याकडे कोपऱ्यावर मिळतं.
या गुरुवारी घेऊन जातो.