कितलं निंघनं

सकाळी सात. लॅबचं शटर अर्धंच वर.
सुकलाल आप्पा पायरीवर बसलेले,
बारा तास उपाशी, बाही आधीच कोपराच्या वर.
घाणा पोराच्या ताब्यात जाऊन सहा वर्षं झाली,
हाताचा पेंडीचा वास मात्र गेलेला नाही.

पौषात पहिल्यांदा आले.
मशीन फिरून थांबलं, मी नळी उचलली,
तर रक्तावर जे पिवळं, नितळ पाणी सुटायला हवं
ते नव्हतंच.
दूध होतं. ठेवलं तर साय धरेल असं.
मी गप्प. रिपोर्टचं डॉक्टर सांगतात.
पण त्यांनी नळी माझ्या हातातून घेऊन उजेडात धरली,
गिऱ्हाइकासमोर बाटली धरावी तशी,
आणि म्हणाले,
"हाई ते गाळनं पडी."

ट्रायग्लिसराइड चारशे बारा.
साखर तर दहा वर्षांची जुनी ओळख.

मग कॉलेजच्या मैदानावर फेऱ्या.
रोज चाळीस मिनिटं, घाम फुटेपर्यंत,
बोरीकडून वारा येवो न येवो.
गोळ्या त्याच. शेवभाजीही सुटली नाही,
फक्त वरची तर्री चमच्याने काढून
वाटीच्या काठाला लावून ठेवतात.
बापाच्या घाण्याला बैल होता, झापड बांधलेला,
दिवसभर चालून कुठेच न पोचणारा.
"मी बी घाणाना बैल व्हई गऊ, बहीन.
फक्त मना डोया उघडा शेतस."

चैत्रात दोनशे एकतीस.
'चांगलं' म्हणतात ते कोलेस्टेरॉल
एकतीसवरून चौतीसवर, कसंबसं.
'वाईट' होतं तिथेच.
त्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं,
"हाई काबरं हालनं नही?"
मी म्हटलं, ते पायांचं फारसं ऐकत नाही, आप्पा.
ते हसले नाहीत.
इतकं पिळून एक थेंब कमी का, असा चेहरा.

वैशाखात पुतण्याचं लग्न धरणगावला.
महिनाभर मांडव, पंगती, पंचेचाळीसचं ऊन,
बूट खाटेखाली.
पुन्हा तीनशे पाच.
आयुष्यभर उधारीची वही सांभाळलेला माणूस
कागदाकडे बघत बसला.
इथे मागचं जमा पुढे ओढलं जात नाही,
हे मलाच सांगावं लागलं.

आज श्रावण. बुटांना मैदानाचा काळा चिखल.
सुई टोचली तरी नजर मशीनवर.
आत नळ्या गरगरतात, एकाच आवाजात,
आणि ते मान किंचित तिरकी करून ऐकतात,
धार कधी लागते ते ओळखणाऱ्याच्या कानाने.
"आज कितलं निंघनं?"

मी नळी काढते. खिडकीशी धरते.
नितळ नाही म्हणता येणार.
पण पलीकडे भिंतीवरचं कॅलेंडर आहे,
त्यातली तारीख
पुसट, वाकडी,
वाचता येते.