मोजता येणारी क्रियापदं

गुरुवारपर्यंत द्यायचाय परिच्छेद:
'आमच्या महाविद्यालयाचं परिचर्या-शिक्षणामागचं तत्त्वज्ञान'.
दीडशे शब्द.
समितीचा निरोप आहे,
क्रियापदं मोजता येणारी हवीत.
'ओळखेल', 'नोंदवेल', 'करून दाखवेल' चालतील.
'समजेल' चालणार नाही.
'कळवळेल' तर नाहीच.

खिडकी उघडली की सोहारच्या बंदराकडून
डिझेल आणि सुकत घातलेल्या मासळीचा गरम वारा,
बंद केली की एसीची घरघर.
सोलापुरात आमच्या आळीत म्हणायचे,
जुबेदा सिस्टरच्या हाताला गुण आहे.
किती पैकी किती,
ते कुणी विचारलं नव्हतं.

मागच्या सत्रातली प्रात्यक्षिक परीक्षा.
खाटेवर रबरी पुतळा, एक डोळा कायमचा अर्धा मिटलेला.
गालियाने हात धुतले, पडदा ओढला
आणि पुतळ्याला विचारलं,
'अम्मी, म्हणजे काका, कूस बदलू का तुमची?'
आणि थांबली.
खरोखर थांबली, एका उत्तराला लागेल तेवढी.
मागची मुलं हसली.
दोन मिनिटं जास्त गेली.
मी दोन गुण कापले.
तक्त्यात थांबण्याला चौकट नव्हती
आणि खाली सही माझीच आहे.

मग तो माणूस आला, परांचीवरून पडलेला,
खाट नऊ, भाषा अज्ञात.
वेदना: शून्य.
कारण हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता समोर धरला
तेव्हा त्याने पहिल्याच चेहऱ्यावर बोट ठेवलं,
बहुधा सौजन्य म्हणून.
गालियाची पाळी दोनला संपली होती.
सव्वातीनला ती माझ्या दारात,
वहीच्या मागच्या पानावर अरबी अक्षरांत
त्याचा आवाज जसाच्या तसा उतरवून:
'तल नोब्बी, तल नोब्बी'.
'मिस, हे काय आहे मला माहीत नाही,
पण तो पुन्हा पुन्हा हेच म्हणतोय.'

अरबीत 'प' नाही.
मी 'ब'च्या जागी 'प' ठेवला
आणि लहानपणच्या भिंतीपलीकडून
पद्मशाली मावशी बोलल्या, मागाचा खटखटाट थांबवून,
कपाळाला ओला फडका बांधत:
तल नोप्पी.
डोकं दुखतंय.
डोक्यावर पडलेल्या माणसाचं
डोकं दुखतंय, सहा तास,
आणि फाइलीत शून्य.

आम्ही जिन्यावरून धावलो. तशी परवानगी नाही.
स्कॅन, फोन, मस्कतची रुग्णवाहिका.
पुढचं आम्हाला कळलं नाही.
मी दोनदा फोन केला,
पलीकडून फाइल क्रमांक विचारला, आणि मग नुसतं संगीत.

संध्याकाळी गालिया म्हणाली,
'आमच्या तमरीदमध्ये मरद आहे, आजार.
तुमच्या भाषेत काय आहे?'
मी म्हटलं, तुमचा मरद आमच्याकडेही पोचला,
गलबतातून की फौजांबरोबर कोण जाणे,
आम्ही त्याला मर्ज म्हणतो.
पण या कामाचा जुना शब्द आहे शुश्रूषा,
आणि त्याचा मूळ अर्थ सेवा नाही.
ऐकण्याची इच्छा.
एवढंच? ती म्हणाली.
एवढंच.
बावीस वर्षं शिकवतेय,
आणि हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

परिच्छेदात आता एकच वाक्य आहे:
'विद्यार्थी ऐकेल.'
गुणवत्ता कक्षातून सुलेमानचा फोन,
सभ्य, थकलेला:
'डॉक्टर वासंती, हे मोजायचं कसं?'
मी म्हटलं, बघते.
खरं म्हणजे मला माहीत नाही.
कदाचित घड्याळाने,
फक्त उलट्या बाजूने.

बाहेर बेसिनपाशी गालिया उभी.
खाट चारवर नवा माणूस आलाय, त्याच भाषेतला.
'मिस, पाणीला काय म्हणतात?'
नीळ्ळु, मी सांगितलं.
तिने तळहातावर पेनाने लिहिलं,
मग नळाकडे पाहिलं,
हात धुतल्याशिवाय आत जाता येत नाही.
तर ती साबण लावत,
बोटांच्या बेचक्या, अंगठा, मनगट,
शाई उतरत असताना
ओठांनी घोकत राहिली:
नीळ्ळु, नीळ्ळु.