अर्ध्या मिशीचा फोटो

ईमेल बुधवारी दुपारी आली होती,
पण दुपारी वडशात वीज नव्हती,
आणि असती तरी मला ती वाचता आली नसती.
संध्याकाळी लांजेवारांच्या पमीला बोलावलं.

संस्था कळवते की आमची बोलणी सुरू आहेत,
त्या शोधून देणाऱ्या कंपनीशी.
ते तुमचे फोटो अख्खेच्या अख्खे दाखवतात,
माणूस तिथंच बघतो, उचलतो, जातो,
आमच्या दुकानाची पायरी चढत नाही.
आम्ही म्हणतो, फोटो लहान दाखवा,
खाली मालकाचं नाव टाका,
नावावर बोट ठेवलं की दुकान उघडलं पाहिजे.
ते म्हणतात, बघू.
तोवर कळ सोसा.

पमी म्हणाली, कळ सोसा असं नाही लिहिलेलं, काका,
पण अर्थ तोच.

फोटो गोठणगावच्या मंडईतला.
रात्रीचे साडेदहा, पडदा उघडायला वेळ,
कनातीमागं राखडू भोंडे खुर्चीवर,
अर्धी मिशी ओठावर, अर्धी हातात,
डिंक सुकावा म्हणून तोंड फाकलेलं
आणि कानाशी फोन: पोरीला ताप होता.
मी एकच काढला. दुसरा निघालाच नसता.
सहा वर्षांपूर्वी संस्थेला पाठवला, चौकटीत खूण केली,
सहाशे चाळीस रुपये आले.
एकदाच.

पमीनं शोधून दाखवला.
एकशे बारा ठिकाणी राखडू.
दंतमंजनावर. विम्याच्या कागदावर.
कुठल्याशा देशात वृद्धाश्रमाच्या दारावर.
खाली लिहिलंय: हसणारा म्हातारा, भारत.

राखडू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता
आणि हसत नव्हता.

मिलवर जाऊन त्याला सांगितलं.
पावसाळ्यात नाटकं नसतात, तो पोती शिवतो.
सुतळी दातात धरून त्यानं सगळं ऐकलं.
मंग त्या बोलनीत, म्हणाला,
माह्याकडून कोन बसला हाय?
मी म्हटलं, कुणी नाही. माझ्याकडून संस्था बसली आहे.
अन् तुह्याकडून संस्था हाय हे तुले कोनं सांगतलं?
संस्थेनंच.
तो सुतळीतून हसला. हा फोटो मी काढला नाही.
थोबाड माहं, फोटो तुहा,
मिशी त ड्रेसवाल्याची, रातीचे धा रुपये भाडं,
अन् मिशीचे केस कोनाचे
हे त्यालेच इचाराव लागन, जी.
मग सुई टोचून घेतली बोटाला, आणि मला जा म्हणाला.

स्टुडिओत आलो, दिवा लावला.
समोर पडदा. तळं, शिकारा, मागं बर्फ.
गोमाजी पेंटरनं काढलेला,
खताच्या कंपनीच्या कॅलेंडरवरून, एप्रिलच्या पानावरून.
पान मीच फाडून दिलं होतं.
या पाण्यापुढं मी अर्ध्या तालुक्याची लग्नं उभी केली,
ज्यांनी इटियाडोहपलीकडं पाणी पाहिलं नाही
त्यांनाही मान जरा डावीकडं करायला सांगून.
ते तळं कुणीतरी थंडीत उभं राहून टिपलं असेल.
बोटं गारठली असतील त्याची.
पानावर खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं,
गोमाजीनं तेवढंच गाळलं. लाटा मात्र मोजून काढल्या.

पमीला म्हटलं, उत्तर लिही.
पैशाचं तुम्ही तुमचं बघा.
खाली नाव टाका: राखडू भोंडे, वडसा, खलनायक.
म्हातारा खोडा.
एवढंच?
एवढंच.
तिनं पडद्याकडं पाहिलं. विचारलं काही नाही.
या पोरी हल्ली विचारत नाहीत, लक्षात ठेवतात.

सकाळी कुरुडचं जोडपं आलं, हळद अजून कानामागं.
मी पांढरी भिंत दाखवली. नवीन पद्धत आहे म्हटलं,
शहरात सगळे भिंतीपुढंच काढतात.
नवरी नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलली.
नवरा म्हणाला, भाऊ, तिले तरं पायजे.