सुकती

तेहतीस कॅसेटी काढल्या होत्या आम्ही.
वेष्टनाला काळं पान हवं होतं, कडेपर्यंत काळं,
तर झेरॉक्सवाला म्हणाला, टोनर काय तुझ्या बापसाचो?
म्हणून ते राखाडी आलं.
राखाडीत बुडालेल्या ट्रॉलरच्या फासळ्या,
वर साबाजीच्या हातचं, काट्याकुट्यांच्या अक्षरांत
आमचं नाव: गिऱ्हा.
कुणालाच वाचता येत नाही. तीच तर रीत आहे.

आनंदवाडीच्या बर्फ कारखान्यात रेकॉर्ड केलं,
मासेमारी बंद होती तेव्हा, यंत्रं गप्प असताना.
अमोनिया भिंतींत मुरलेला.
बर्फाच्या रिकाम्या साच्यांवर आवाज आदळायचा
आणि दुप्पट गार होऊन परत यायचा.
तारा मी इतक्या सैल सोडल्या होत्या
की छेडल्यावर त्या वाजत नसत,
लोंबत.
ड्रमवर मुश्ताक होडेकर. त्याला एवढंच सांगितलं:
दुसरा ठोका लगेच देऊ नकोस.
गळाला ओढ लागेपर्यंत थांबतोस ना,
तसा थांब.
आणि साबाजी कोयंडे लादीवर पालथा,
माइक तोंडाशी नाही, मोरीच्या जाळीशी,
जिथून पाणी खाडीत उतरतं.

त्या ओरडण्यात शब्द नाहीत, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.
शब्द होते.
त्याच्या बापासकट सात खलाशांची नावं,
शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे.
होडीचं फळकूटसुद्धा हाती लागलं नव्हतं.
त्याची आई अजून कुंकू लावते. म्हणते, आधी दाखवा.

माझी आई पेजेचा डबा घेऊन आली होती,
दाराबाहेरच थांबली.
ह्यां गाणां न्हय रे, म्हणाली, ही हाक आसा.
कोणी ‘ओ’ दिली तर काय करतलास?
आम्ही हसलो. मुश्ताकने डबा उघडला,
सोबत सुक्या बांगड्याची चटणी होती.

दुसरी बाजू आम्ही एकोणीस मिनिटं वाजवली.
कॅसेटवर ती बावीस मिनिटांची आहे.
उरलेली तीन मी कधी ऐकली नाहीत.
दर वेळी एकोणिसाव्या मिनिटाला
माझं बोट बटणावर असतं.
म्हणजे स्वतःच्याच अल्बमचा शेवट
मला ठाऊक नाही,
आणि फिनलंडमधल्या एका वेल्डरला तो तोंडपाठ आहे.

त्याचं पत्र आलं. लिहितो,
आमच्याकडे दोन महिने सूर्य दिसत नाही,
तेव्हा मी तुमची कॅसेट लावतो.
शेवटी कुणीतरी मोजतं.
तुमचे आकडे मी शिकून घेतले.
दोन कळलं, तीन कळलं, थेट सातापर्यंत कळलं,
सातानंतर आवाज थांबतो,
पण टेप थांबत नाही,
कुणीतरी पुढच्याची वाट पाहत असावं तशी.
फक्त पहिला शब्द कुठल्या यादीत सापडत नाही.
लाभ म्हणजे काय?

उत्तर लिहायला बसलो.
लिहिलं: लाभ म्हणजे एक.
बाजारात आमच्याकडे मोजणी एकापासून सुरू करत नाहीत,
लाभापासून करतात. बरकत राहते.
मग पेन तसंच धरून बसलो.
माणसं अशी मोजत नाहीत,
हे लिहिलं नाही.
टोपलीतली मासळी मोजतात.

पाकीट अजून घरातच आहे, परदेशाची तिकिटं आणायची राहिलीत.
मुश्ताक म्हणतो दुसरी कॅसेट काढूया,
या वेळी कणकवलीहून छापून आणू, कडेपर्यंत काळं.

साबाजीला मी काही विचारलेलं नाही.
तो हल्ली पहाटे बंदरावर लिलावाला असतो.
सरंगा, सौंदाळे, टोपल्यांवर टोपल्या,
घसा बसलेला तरी मोठ्याने मोजतो,
लाभ, दोन, तीन.
सातावर जरा थांबतो.
दम खातो, म्हणे.