यागोदासाठी यादी

आत ये. जिन्यात उभं राहून यादी सांगता येत नाही.
तो कागद घडी करून ठेव,
एक शब्द आणि खाली गोल शिक्का,
माझ्याकडेही आहे तसलाच, सहा वर्षांपूर्वीचा.
बूट इथे काढ, टोकं भिंतीकडे करून.
आमच्या कोर्नेलला ती तशीच लागतात.

तर, कानांवरचे कप.
इरेनेउश ग्दान्स्कच्या शिपयार्डात वेल्डर आहे,
तिथे पोलादावर घण पडला की
अख्ख्या धक्क्यावरचे पक्षी उडतात.
त्याने स्वतःचे जुने कप घरी आणले,
पट्टी कापून चार बोटं कमी केली,
आणि मिक्सर, लिफ्ट, वरच्या मजल्यावरचं ड्रिल
एका फटक्यात लांब गेलं.
ट्राममध्ये लोक बघतात. बघू देत.
खुलासे द्यायचे नाहीत,
मी कानाला खडा लावलाय.

वजनदार पांघरूण दुकानात महाग मिळतं.
आमचं तळमजल्यावरच्या रोमुआल्दाबाईंनी शिवलं,
चौकोन, चौकोन, प्रत्येकात मूठभर कुट्टूचे दाणे,
एरवी आम्ही दूध घालून खातो तेच.
पहिल्या रात्री तो सलग साडेपाच तास झोपला.
मी जागीच. सवय मोडली नव्हती.
पुढे एकदा शिवण उसवली, दाणे जमिनीवर.
तो मोजायला बसला, मी झाडू घेऊन उभी.
सहाशे बारापर्यंत उभी होते, यागोदा.
माझ्या संयमाची तेवढी एकच मोजदाद झालेली आहे.

हे फ्रिजवरचं बघ. दिवस डावीकडून उजवीकडे.
दूध, साबण, मोजे: सुपरमार्केटच्या जाहिरातीतून कापलेत.
झालेलं कार्ड जॅमच्या बरणीत जातं.
ट्राम मी हाताने काढली, कुत्र्यासारखी दिसते.
दोन वर्षं झाली, बदलू देत नाही.
डॉक्टरांकडे जायचं असेल तर आदल्या रात्रीच लाव,
त्याला न सांगता कधीच नेऊ नकोस.
मी नेलं होतं. दाराच्या चौकटीवर
त्याच्या नखांचे ओरखडे आहेत, तुझ्या डाव्या हाताला.

काय घेऊ नकोस तेही लिही.
रंग बदलणारा दिवा, तीनशे झ्लॉटींचा,
कपाटात पडून आहे, हवा तर ने.
आणि एक माणूस भेटेल, मऊ बोलणारा,
सहा आठवड्यांत मुलगा नीट करतो म्हणणारा.
मी त्याला पैसे दिले. दोनदा दिले.
दुसऱ्यांदा का दिले
ते इरेनेउशला अजून सांगितलेलं नाही.

आता ही गोष्ट कुठल्याच दुकानात नाही.
गेल्या फेब्रुवारीत, बाहेर गोठलेला अंधार,
जेवण आणि अंघोळ यांच्या मधोमध
त्याने एक कोरं कार्ड चिकटवलं.
मला वाटलं, चित्र गळून पडलं.
नवं लावलं, त्याने काढलं.
साबण लावला, ट्राम लावली, काढली, काढली.
मी रडकुंडीला आले. मग थकून
त्याच्या शेजारी जमिनीवर बसले
आणि वीस मिनिटं काहीच झालं नाही.
रेडिएटर टकटक करत होता.
त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला.
मग तो उठला, कोरं कार्ड बरणीत टाकलं,
अंघोळीला गेला.

तेव्हापासून ते रोज असतं.
मी त्याचा प्रत्येक तास भरत होते,
वाचन, मणी, ब्रश, उच्चार,
रिकामं ठेवलं तर पोर हातातून जाईल असं धरून.
तुझ्या यादीत एक ओळ मोकळी सोड.
नाही, त्यावर काही लिहू नकोस.

कोट इकडे दे, रेडिएटरवर टाकते.
रडायचं असेल तर रड, फक्त हळू,
कप चार्जिंगला नसतात, ते नेहमी चालू असतात,
पण आत्ता त्याने काढून ठेवलेत.

तो बघ, दाराशी आलाय.
तुझ्याकडे बघणार नाही, नाव विचारणार नाही.
तुझा डावा बूट जरा तिरका होता.
सरळ केला.
झालं. तुला घरात घेतलं.