मुरारच्या मैदानावर, पाच शर्यती

डॉक्टरसाहेबांच्या जुन्या चिठ्ठ्यांची पाठ कोरी असते,
तिच्यावर मी रविवारचे अंदाज लिहितो.
कार्बन लावून तीन प्रती नीट निघतात, चौथी फिकी.
तिन्हींचे चार-चार आणे. फिकी फुकट,
चहावाल्या रमजानला.
जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं कंपाउंडर,
म्हणून लोक विश्वास ठेवतात.
ठेवू नये.
औषधाचा डोस आणि घोड्याचं मन
दोन्ही मी अदमासानंच मोजत आलोय.

पहिली. सहा घोडे, त्यातले चार नुसते ऊन खायला आलेत.
धुकं टिकलं तर तांबटांचा कुमैत घ्या.
धुक्यात तो जगात एकटाच असल्यासारखा पळतो.
ऊन पडलं की त्याला माणसं दिसतात,
मग मान वाकडी करून
फोटोला बसल्यासारखा धावत राहतो.

दुसरीत सगळे कंपूच्या मुश्कीवर लावतील.
कपाळावर चांद, चारी पाय पांढरे, पंचकल्याण.
पांढऱ्या पायांनी वेग येत नाही,
गिऱ्हाईक येतं.
मी त्याच्या शेजारचा मातकट, बुटका, नाव नसलेला सांगतो.
पहाटे बादलीतलं पाणी त्यानं अर्धंच प्यायलं
आणि कान मैदानाकडे ठेवले.

तिसरीत सब्जा, नाव तहसीलदार.
हसू नका. नावाला जागतो:
स्वतः उशिरा निघतो
आणि बाकीच्यांना खोळंबून ठेवतो.
सुटताना दोनदा मागं फिरेल, घाबरू नका.
शेवटच्या वळणावर त्याला काहीतरी आठवतं.

चौथीतल्या घोडीला डोळ्याखाली भोवरा आहे.
आमचे नालबंद काका अशा जनावराला हात लावायच्या आधी
थुंकायचे. आसूढाळ, म्हणायचे,
मालकाला रडवणार.
मालक अनंतराव पितळे, व्याजबट्टेवाले.
बिनधास्त लावा.

पाचवी.

पाचवीत गुलछडी आहे.
परवा रात्री पिठाच्या गिरणीमागं, कंदिलाच्या उजेडात
तिचा पुढचा डावा पाय मी मांडीवर घेतला होता.
गुडघ्याखाली, मागच्या शिरेला ऊब,
पोळ्यांच्या डब्याच्या बुडाला असते तेवढीच.
दुसरं कोणी म्हणालं असतं, थंडीत बरीच आहे की.
मुलतानी माती लावली, ओलं गोणपाट बांधलं.
हरप्रसाद उकिडवा बसून बघत होता.
म्हणाला, भाऊसाब, लिखना मत.
मी नाही लिहिलं. आत्तापर्यंत.

जिंकली तर पुढच्या आठवड्यात दतिया,
मग झाशी, मग आणखी कुठलं तरी मैदान,
शीर तुटेपर्यंत.
हरली तर टांगा. सौदा झालेला आहे,
मला रमजाननंच सांगितलं.
बाड्यापासून टेसनापर्यंत सहा सवाऱ्या, वर ट्रंका,
आणि थंडीत चाबूक जास्त लागतो.
तिला यातलं काही ठाऊक नाही.
तिनं माझ्या कोटाच्या खिशात नाक घातलं,
नातवासाठी घेतलेली गजक कागदासकट खाल्ली
आणि पुन्हा दुसरा खिसा बघितला.

पेन्सिल केव्हाची थांबलीय.
धुकं विरळतंय, म्हणजे कुमैत गेलाच.
रमजान ओरडतोय, भाऊसाब, पाँचवी में कौन?
तिघं गिऱ्हाईकं सुट्टे हातात घेऊन उभी आहेत,
एकाच्या पायात नवे बूट, ते परत जाताना नसतील.

दुसऱ्या नंबरच्या घोड्याला कोणी विकत नाही,
कोणी दतियालाही नेत नाही.
म्हणतात, बघू पुढच्या साली,
आणि दाणा चालू ठेवतात.

तर लिहितो:
पहिला, कोणीही येवो.
दुसरी, गुलछडी. एका मानेनं.
या ओळीचे पैसे मी घेत नाही,
आणि या ओळीवर कोणी लावूही नये.

फिक्या प्रतीवर तिचं नाव उमटलंच नव्हतं.
ते मी हातानं पुन्हा गिरवलं.