दोन बोटं माया

एतेरीनं छातीवर पाच ठिकाणी चिकटवलं,
पाच वायरी आणि एक डबी,
काडेपेटीहून जराशी मोठी, कमरेला अडकवायची.
उद्या या वेळेपर्यंत अंघोळ नाही.
आणि ही वही, लामारा,
काय केलं, किती वाजता, सगळं लिहायचं,
काही गाळू नकोस.

तीस वर्षं मी कुतैसीच्या बाजारात
लोकांच्या छातीची मापं घेतली.
श्वास सोडा, म्हणायचे, उगाच फुगवू नका,
टेपला खोटं चालत नाही.
आता माझंच माप घेतंय कुणीतरी, आतून,
आणि मी पोट आत ओढून चालतेय,
जणू डबीला दिसतंय.

९.१५. पूल ओलांडला. रिओनीला गढूळ पाणी.
९.४०. दुकान उघडलं. शटर अडकलं, लाथ घातली.
१०.०५. शेजारचा वाझा चांभार.
त्यानं वायर पाहिली आणि आवाज खाली आणला,
आमच्या तरुणपणी सगळेच आणायचे तसा.
"कोण ऐकतंय?"
मग डबीपाशी वाकून, अदबीनं,
"कॉम्रेड, मी भाडं वेळेवर भरतो."
वहीत लिहिलं: हसले.

खरं सांगायचं तर इतका वेळ सलग
माझं कुणी ऐकलंच नव्हतं.
ओतारनंही नाही,
आणि तो बरा माणूस होता.

१.२०. बारीहून मुलीचा फोन, आठ मिनिटं.
ती तिथे एका परक्या म्हातारीला भरवते,
तिची नखं कापते, तिचे केस विंचरते,
आणि मला विचारते, आई, जेवलीस का.
मला वाटलं, आता उडी मारेल रेघ.
हात डबीवर ठेवला,
पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

मग तो मुलगा आला, सतराएक वर्षांचा,
हात बाह्यांच्या बाहेर लोंबणारे.
वजनावर विकतात त्या ढिगातला कोट.
खांदे आत घ्या मावशी, म्हणाला, गुरुवारपर्यंत.
अस्तर उसवलं.

आत दोन बोटं माया.
एवढी मी कुणाला सोडत नाही,
अर्धं बोट, फार तर पाऊण, कापड महाग असतं.
एकदाच सोडली होती,
वीज नसायची त्या हिवाळ्यात, मेणबत्तीशी बसून.
तो तेव्हा खुंटीवर टांगल्यासारखा झाला होता.
म्हटलं, भरेल अंगानं,
उसवू, मोठा करू.
टाका माझाच. कोपऱ्यात एक चुकलेला,
मेण सांडलं होतं तिथे.

त्याच्यामागे मीच दिला होता कोट,
कुणाला ते आठवत नाही.

वहीत लिहिलं:
३.४०. करडा कोट. अस्तर उसवलं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, कागद लांब.
फोनच्या वेळी काही नाही, म्हणाल्या, संथ.
चांभारापाशी थोडंसं.
पण हे पावणेचारच्या आधीचं काय?
जिना चढलात? काही उचललं?

कोट जड होता, म्हटलं.

त्यांनी मान हलवली, गोळी लिहून दिली, सकाळी अर्धी.
घरी येऊन आरशात पाहिलं,
पाच लाल गोल खुणा,
बटणं काढून घेतल्यासारख्या.

खांदे आत घेतले.
माया कापली नाही.
पोरगं अजून वाढेल.